सपाट हात

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. दरवर्षी पहिल्याच महिन्यात पोरांना ठणकावून सांगते, की खरं-खोटं ठरतं ते विधान. ‘बाहेर ऊन आहे’ हे खरं असेल नाहीतर खोटं असेल. नुसता हात हलवला तर त्यात कसलं आलंय खरं-खोटं? मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग हातानं फसवताच येत नाही का?” मी तिच्यावर उगाच खेकसले. उत्तर मला माहीत होतं, पण ते माझ्या फळ्यावरच्या मांडणीत बसत नव्हतं.

माझे वडील, आमचे आप्पा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. आई तिथंच मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मागांचा खडखडाट असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळं घरी कुणी तेलुगू बोलो, कानडी बोलो नाहीतर उर्दू, आत आलं की सगळे हातानं बोलायचे. दोन बोटं कात्रीसारखी उघडली, की धागा तुटलाय, माग थांबव. तळहात आडवा सपाट फिरवला, की सगळं नीट चाललंय. सपाट हात दिसला की कुणी जागचं उठून बघायला येत नसे.

आठ-नऊ वर्षांची असेन. एका दुपारी डबा द्यायला गेले आणि गंमत म्हणून लांबच्या मागापाशी उभी राहून आप्पांना दोन बोटं दाखवली. ते हातातलं टाकून धावत आले, माग बंद केला, वाकून धागे तपासले. एकही तुटला नव्हता. मग मला बाहेर नेऊन अशी एक ठेवून दिली, की बाई गं! “तोंडानं काय थापा मारायच्या त्या मार की. हातानं खोटं बोलायचं न्हाय.” आयुष्यात त्यांनी मला मारलं ते तेवढंच, आणि त्याचा राग माझ्या मनातून कित्येक वर्षं गेला नाही.

यंदा आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मी पाटी आणून दिली, मोबाइलवर टाइप करायला शिकवलं. त्यांनी दोन्ही बाजूला सारलं आणि कारखान्यातल्यासारखं हातानं बोलायला लागले. माझी सगळी हुशारी गेली पाण्यात! आईला मात्र त्यांचं सगळं कळायचं.

नंतरचे रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. आजार छातीत पसरला होता. आता करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. जिना चढतानाच मी ठरवलं, आप्पांना सांगायचं नाही. दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत शिरले, पलंगाशेजारी बसले आणि हसून म्हणाले, “आप्पा, रिपोर्ट चांगलाय.” किती सहज बोलून गेले मी!

आप्पांनी माझ्या हाताकडं बोट केलं. हातानं सांग, म्हणाले.

नुसता तळहात सपाट फिरवायचा होता हो. एवढंसं काम. इतकी वर्षं वर्गात सांगत आले, की हातात खरं-खोटं नसतं, आणि माझा हात मांडीवरून उचलेना. शेवटी दोन बोटं उघडली आणि मला रडू फुटलं. आप्पांनी मान हलवली. मग माझ्या ओढणीचं टोक माझ्याच हातात दिलं, डोळे पुसायला.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. दारातूनच तिनं भुवया उडवून त्यांना विचारलं, काय झालं रिपोर्टचं? आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी, माझ्या त्याच आप्पांनी, तळहात आडवा धरला आणि हळूहळू सपाट फिरवला. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी इतकी माया दाटून आली, की कुठं बघावं ते कळेना.

कारखान्यात असती, तर आई एवढ्यावर आपल्या कांड्यांकडं वळली असती. इथं तिनं डबा खाली ठेवला, चालत पलंगापाशी आली आणि तो हात दोन्ही हातांत धरून बसून राहिली.