चेअरमन तात्या पायी निघाले

आमच्या दूध संस्थेचे चेअरमन तात्या म्हणजे घरापासून संस्थेपर्यंतच्या दीडशे पावलांसाठी जीप काढणारा माणूस. अशा माणसाला बीडच्या डॉक्टरांनी बजावलं, "साखर फार वाढलीय. पाय शाबूत ठेवायचे असतील तर रोज तासभर चाला." मी संस्थेचा सेक्रेटरी, सोबत होतो. परतताना चौसाळ्याजवळ तात्यांनी जीप थांबवली. मग म्हणाले, "सेक्रेटरी, गावात बोलायचं न्हाई."

पण आमच्याकडे बिनकामाचं चालणं सोपं नव्हे. दिसेल तो मोटरसायकल थांबवून 'बसा' म्हणतो आणि नाही म्हटलं की रुसतो. तात्यांनी तोडगा काढला. खांद्यावर बैलाचा कासरा टाकून निघायचं. कुणी विचारलं, की "बैल सुटलाय, बघतो जरा."

चार दिवस बरे गेले. पण साल दुष्काळाचं, एकेक जनावर लाखमोलाचं, त्यात बैल चेअरमनचा! पाचव्या दिवशी अर्धं गाव रानोमाळ पांगलं. बैल तिकडे चारा छावणीत निवांत रवंथ करत होता. साठीचे किसनबाबा तर उन्हात नेकनूरच्या वाटेला भोवळ येऊन बसले.

हे कळलं तेव्हा तात्यांचा चेहराच उतरला. संध्याकाळी दूध घालायला सगळे जमले, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "बैल छावणीत हाय. मला साखर हाय. डॉक्टर म्हणला, चाल."

"मग आधीच कावून न्हाई सांगितलं?" किसनबाबा कडाडले.

"तुमी हसला असता."

"हसलोच असतो की!" बाबा म्हणाले, आणि संस्था हसण्यानं दणाणली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र बाबांसकट पाच जण तात्यांच्या दारात. "लई हसलो, आता चला."

तेव्हापासून तात्या पुढे आणि आम्ही मागे. कुणी रेंगाळलं की ओरडायचे, "चालतो का रं, का वरातीत निघालास?" सहा महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. साखर आटोक्यात, पाय धडधाकट. माझंही जुनं पित्त गेलं, झोप लागू लागली.

पुढे बऱ्याच वर्षांनी तात्या मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले. एसटी पकडायला चौसाळ्यापर्यंत चालतच आले, आमच्या पुढे. खिडकीतून म्हणाले, "उद्या खाडा करायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही जमलो, पण पुढे व्हायला कुणीच तयार होईना. शेवटी सगळ्यांनी मलाच ढकललं. डोळे भरून आल्यानं वाट धड दिसत नव्हती, तरी मी जमेल तेवढं झपझप चालत राहिलो.