ते तीन फटके आमचे

आमच्या गोल्फ मैदानाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा क्लबच्या दारात काळ्या दगडाची एक पाटी बसवायचं ठरलं. तिच्यावर एकच नाव कोरायचं होतं, या मैदानावरच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचं. तो निवडायची रीत सचिवांनी सोपी करून टाकली होती. अठरा होल ज्यानं सगळ्यांत कमी फटक्यांत पुरे केले, तो मोठा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरनं ते चौसष्ट फटक्यांत केले होते. त्याआधी कितीतरी वर्षं सदुसष्टाच्या खाली कुणी गेलं नव्हतं. तो सदुसष्टाचा आकडा चाकणच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रींचा होता. तीन फटक्यांचा फरक. कमिटीच्या लेखी प्रश्न सुटला होता.

मला ते पटलं नाही. मी खेळाडू नाही, क्लबची सभासद नाही. मी या मैदानाचं गवत सांभाळते.

मी मूळची लातूरकडची. शेतकीची पदविका घेतली, लग्न होऊन कुरुळीला आले. नवरा कंपनीत, तीन शिफ्टचा माणूस. घरी बसून राहायचं नाही एवढं ठरवून मी इथे सुपरवायझरची नोकरी धरली. गोल्फ कशाशी खातात हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. चेंडू शेवटी ज्या गुळगुळीत हिरवळीवरच्या भोकात जातो तिला ग्रीन म्हणतात, हे पहिल्या आठवड्यात कळलं. असे अठरा ग्रीन. त्यांचं गवत किती उंचीवर कापायचं, कुठल्या बाजूनं कापायचं, पाणी किती द्यायचं, हे काम माझं आणि माझ्याबरोबरच्या अकरा बायकांचं. पहिल्या दिवसापासून मी वही ठेवली. तारीख, ग्रीनचा नंबर, गवताची उंची, पाणी दिलं की नाही, कापलं कुणी. आज एकोणीस वर्षांच्या वह्या माझ्या कपाटात आहेत.

मिस्त्री मैदानावर आले ते ट्रॅक्टर दुरुस्त करायला. तेव्हा तिशीचे असतील. ट्रॅक्टर चालू झाला, हात पुसले आणि तिथेच कोपऱ्यात कुणीतरी टाकून दिलेली काठी उचलून त्यांनी एक चेंडू मारला. तो कुठल्या कुठे गेला. पुढे ते दर रविवारी गवत कापायचं यंत्र बघायला येऊ लागले. यंत्र बिघडलेलं असो नसो. त्यांना शिकवलं कुणीच नाही. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी क्लबनं बाहेरच्यांनाही खुली अशी स्पर्धा घेतली आणि त्यात मिस्त्रींनी सदुसष्ट केले.

तो दिवस मला लख्ख आठवतो. एप्रिल होता. बोअरला पाणी नव्हतं, ग्रीन तागाच्या पोत्यासारखे झाले होते. आमच्याकडे हातानं ढकलायचं एकच यंत्र, त्याचं पातं बोथट. गवत आजच्या दुप्पट उंच. चेंडू सरळ जायचाच नाही, उड्या मारत जायचा. मिस्त्री प्रत्येक ग्रीनपाशी थांबून आमच्या मावशींना विचारायचे, आज कुठल्या बाजूनं कापलं? मावशी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या, कुरुळीच्याच. त्या हातानं दिशा दाखवायच्या. मिस्त्री मान हलवून चेंडू मारायचे आणि तो भोकात जायचा. बघायला आलेली मंडळी टाळ्या वाजवत होती. मावशी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पुढच्या ग्रीनकडे निघालेल्या असायच्या, कारण पुन्हा विचारणार हे त्यांना माहीत होतं.

इंजिनिअरचे चौसष्टही मी पाहिले आहेत. तो पोरगा चांगला आहे, हे आधी सांगून टाकते. पण तोवर आमच्याकडे नवी यंत्रं आली होती, सांडपाणी शुद्ध करून ते पाणी वर्षभर मिळत होतं, गवताची जात बदलली होती. कारखान्यांकडून उडत येणारी धूळ पानांवर बसू नये म्हणून आम्ही रोज पहाटे ग्रीन धुऊन काढायचो. त्या दिवशी ग्रीन कॅरमबोर्डासारखे होते.

म्हणून मी दोन वह्या घेऊन कमिटीच्या बैठकीला गेले. मला बोलावलेलं नव्हतं. मी दोन्ही दिवसांची पानं उघडून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, एकाच मापानं दोघांना मोजताय, पण जमीन एक नव्हती.

सचिव फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला सौम्य. त्यांनी वही बघितली नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही गवत बघा. खेळाचं आम्ही बघतो."

"गवतच बघतेय सर," मी म्हटलं. "मधल्या वर्षांत ते आम्ही सुधारलं. तुम्ही ज्या तीन फटक्यांवर पाटी लावताय, ते तीन फटके आमचे आहेत."

खोलीत कुणीतरी हसलं. सचिवांनी चहा मागवला, म्हणजे मी आता निघावं. मी बसून राहिले. चहा घेतला. मग उठले.

त्याच दिवशी मी मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. वाटलं होतं, त्यांना राग येईल, ते माझ्याबरोबर येतील. ते एका टेम्पोखाली आडवे होते. माझं सगळं बोलणं त्यांनी तिथूनच ऐकलं. बाहेर येऊन म्हणाले की गुडघे गेलेत, खेळ सुटून जमाना झाला, पाटीवर नाव आलं काय न आलं काय, गिऱ्हाईक थोडंच वाढणार आहे.

"जाऊ द्या मॅडम. पोरगा खरंच भारी खेळतो."

मला त्यांचाही राग आला. मी म्हटलं, "तुम्हाला नको असेल. मला हवंय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आतून कापडात गुंडाळलेला त्यांचा जुना पटर आणून दिला. पटर म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी.

बैठकीतली गोष्ट इंजिनिअरच्या कानावर गेली होती. तो दोन दिवसांनी मला शोधत शेडमध्ये आला. मला वाटलं भांडायला आलाय. त्यानं वही मागितली. दोन्ही पानं मन लावून वाचली आणि विचारलं, "असं गवत मला परत करून द्याल?"

पंपघरामागे जुना सातवा ग्रीन पडून होता, खेळातून काढून टाकलेला. मी आणि मावशींनी तो हाती घेतला. गवत वाढू दिलं, पाणी तोडलं, भंगारात टाकलेलं हातयंत्र बाहेर काढून मिस्त्रींकडूनच त्याचं चाक बसवून घेतलं. चांगलं गवत मुद्दाम बिघडवताना जीव वर-खाली होत होता. मावशी म्हणाल्या, "बाई, आमी उभा जलम ह्ये सुधारत आलो, आन आता तुमी उलटं करायला लावताय." पण कापलं त्यांनीच, आणि वहीत नोंद असलेल्या त्याच उंचीवर.

तीन आठवड्यांनी इंजिनिअर मिस्त्रींचा पटर घेऊन तिथे उभा राहिला. दहा पावलांवरून त्यानं चेंडू ढकलला, तो निम्म्या वाटेत थांबला. जोर वाढवला, तो भोकाच्या पलीकडे उडून गेला. तासभर खटपट केली. एकही चेंडू भोकात गेला नाही. माझ्या बायका शेडच्या सावलीत बसून बघत होत्या आणि मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

पण तो दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही. कंपनीची कॅब थांबवून, ट्रॅफिकमध्ये अडकून, घामेजून यायचा. चौथ्या दिवशी त्यानं उतार मोजायला काढलेला मोबाईल खिशात टाकला आणि मावशींना विचारलं, कुठल्या बाजूनं कापलंय?

"पंपाकडनं वर," मावशी म्हणाल्या. "पर उन्हानं पात कलंडली हाय. वाईच डावीकडं धर."

त्यानं डावीकडं धरलं. चेंडू उड्या मारत गेला आणि भोकात पडला. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत तो दहातले पाच-सहा घालू लागला. माझा आनंद जरासा उतरला, तेही लपवत नाही.

जाताना तो म्हणाला, "मॅडम, या गवतावर माझे चौसष्ट झाले नसते. पण मिस्त्री आजच्या ग्रीनवर खेळले असते तर त्यांचे किती झाले असते, हेही कुणाला माहीत नाही ना?"

"मग माहीत नसताना पाटी कशी लावतात?" मी म्हटलं.

त्यानं सचिवांना लेखी कळवलं की पाटीवर आपलं एकट्याचं नाव नको. सचिवांनी त्याच्या मोठेपणाचं भाषणात कौतुक केलं आणि पाटी ठरल्याप्रमाणे लावली. चौसष्ट, त्याचं नाव, सर्वश्रेष्ठ. पडदा उघडताना आम्हा बायकांनाही उभं केलं होतं, नव्या साड्या देऊन. मी टाळी वाजवली नाही. माझ्याकडे बघून मावशींनी पण हात पदराखाली घेतले, आणि मग एकेक करून बाकीच्यांनी.

दुसऱ्या सोमवारी मी पत्र्याचा एक मोठा तुकडा पांढरा रंगवून पंपघराच्या भिंतीवर ठोकला. त्यावर रकाने आखले. खेळाडू, फटके, गवताची उंची, पाणी होतं की नव्हतं, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी ग्रीन कुणी कापले त्यांची नावं. मिस्त्रींची ओळ वर, इंजिनिअरची खाली. सर्वश्रेष्ठ हा शब्द कुठेच नाही. शेवटचा रकाना वाचायला बायकांनी आपापल्या घरच्यांना आणलं. एकीची सून मोबाईलवर फोटो काढून गेली.

महिन्याभरात मेमो आला. क्लबच्या आवारात विनापरवानगी फलक लावल्याबद्दल खुलासा करावा, फलक तीन दिवसांत काढावा. मी उत्तर लिहिलं की हा फलक नसून आमच्या विभागाच्या कामाची नोंद आहे, पंपघर आमच्या ताब्यात आहे, आणि नोंदीत काही चूक असेल तर दाखवून द्यावी, मी ती दुरुस्त करीन. चूक कुणी दाखवली नाही. दुसरा मेमोही आला. त्याला मी पहिल्याच उत्तराची प्रत जोडली. पत्रा आहे तिथेच आहे. त्या वर्षी माझी पगारवाढ अडली. त्यावर मी घरी चार दिवस बोलले, बाहेर एक शब्द नाही.

परवा यंत्राचा पट्टा बदलायला मिस्त्री आले होते. काम झाल्यावर पत्र्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले की आपण पोराला वाऱ्यात खेळताना पाहिलंय, वाऱ्यात तो आपल्यापेक्षा सरस आहे, तेवढं लिहा.

"तुमचं मत आहे ते," मी म्हटलं. "त्याला रकाना नाही."

"मग वाऱ्याचा रकाना घाला."

मी नाही म्हटलं. वारा आमच्या हातात नसतो. ते हट्टाला पेटले, मीही. अर्धा तास आम्ही तिथे उभ्यानं वाद घातला आणि मावशी यंत्र घेऊन बाराव्या ग्रीनकडे निघून गेल्या.