गुच्छ घेणारा हात

"पोरगी चांगली हाय गो, पण घरात हाय का नाय तेच कळत नाय."

शेजारच्या सखूकाकी माझ्याबद्दल सासूबाईंना सांगत होत्या. मी भिंतीपलीकडे चुलीपाशी भाकरी थापत होते. सासूबाई म्हणाल्या, "नवरा पण तसलाच मिळालाय तिला. टीव्हीत असतो, पण दिसत नाय."

दोघी हसल्या. मलाही हसू आलं. भाकरी तेवढी करपली.

न बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो, लोक त्याच्यासमोर काहीही बोलतात. माझा नवरा मुंबईला मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात, त्यामुळे आमच्या कुडपणच्या पडवीत रोज कोणी ना कोणी काम घेऊन येतं. मी चहा देते आणि आत जाते. ऐकलेलं सगळं साचत राहतं, कारण ज्याला सांगावं तो इथे नसतो.

*

लग्न जमवताना मध्यस्थ माझ्या बाबांना म्हणाले होते, "मुलगा सीएमच्या अगदी जवळचा आहे." बाबा बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहणारे, कारखान्यातले कामगार. त्यांना दडपणच आलं.

बघायला आले तेव्हा आम्हा दोघांना थोडा वेळ बोलायला दिला. मी विचारलं, "जवळ म्हणजे?"

"मागे," हे म्हणाले. "शिपाई आहे मी. लोक साहेबांना गुच्छ देतात, फोटो निघतो, मग मी साहेबांच्या हातातून तो गुच्छ काढून घेतो. नाहीतर पुढच्याचा कसा घेतील?"

मग आठवल्यासारखं म्हणाले, "शाली-नारळ पण घेतो."

मी आत जाऊन आईला सांगितलं, चालेल.

*

लग्नानंतर हे आठवडाभर राहिले आणि गेले. मुंबईत गाववाल्यांच्या सामाईक खोलीत राहतात, सगळे पुरुष, तिथे बायको न्यायची सोय नाही.

पण बातम्यांत येतात. साहेब दिसतात, गुच्छ दिसतो, मग बाजूने एक हात येतो. घड्याळ उजव्या मनगटावर, कारण हे डावरे. घड्याळ बाबांनी लग्नात दिलेलं. सासरे आण्णा "आला, आला" म्हणेपर्यंत हात गेलेला असतो.

एकदा मला नखं वाढलेली दिसली. फोनवर म्हटलं, "नखं काढा."

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा शिष्टमंडळाने गुच्छ दिला. नखं कापलेली होती. राज्यात त्या दिवशी बरंच काही घडलं असेल, मला एवढंच आठवतं.

*

पोलादपूरहून संध्याकाळी वर येणारी एसटी बंद झाली. बाजाराला गेलेली माणसं घाट चढून पायी यायला लागली. गावातले धोंडूकाका आमच्याकडे आले. "दिनेशला फोन लाव, सूनबाई. वरनं सांगितल्याशिवाय डेपोवाले ऐकायचे नाय."

मी लावला. रिंग वाजताच काकांनी टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले.

"काका, बसा की."

"गप गो. सीएमच्या आफिसात फोन लागलाय, बसून बोलू?"

त्यांनी उभ्या उभ्या सगळी एसटी सांगितली. हे तेव्हा गुच्छ ठेवायच्या खोलीत डबा खात होते. नंतर मला म्हणाले, "काका उभे आहेत कळल्यावर मला बसवेना. मी पण उभ्यानेच जेवलो."

एसटी काही सुरू झाली नाही.

*

सखूकाकींचा मुलगा मुंबईला वॉचमन. एकदा भरल्या पडवीत त्या मला म्हणाल्या, "दिनेशला सांग, साहेबांना म्हणावं माझ्या पोराला एक फोन करा. माझा उचलत नाय. त्यांचा तरी उचलंल."

सगळे हसले. काकी हसल्या नाहीत. मी त्यांच्या कपात थोडा जास्त चहा ओतला.

*

मग साहेब बदलले. आण्णांना जेवण जाईना. "नवा साहेब आपली माणसं आणील. आपल्या पोराचं काय?" सासूबाईंनी देवाला नारळ बोलला.

शपथविधीच्या दिवशी अर्धा गाव आमच्याकडे टीव्हीला चिकटला. नवे साहेब नवं जॅकेट घालून हसत होते. पहिला गुच्छ आला. बाजूने घड्याळाचा हात आला आणि घेऊन गेला.

धोंडूकाका म्हणाले, "सरकार टिकलं."

*

गौरीचा माझा पहिला ओवसा होता, नव्या सुनेने भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची. हे येणार होते. ऐन वेळी रजा रद्द झाली, साहेबांच्या बंगल्यावर गणपतीला पाहुण्यांची रीघ लागली होती.

मी नवं लुगडं नेसून, सूप हातात धरून गौरीपुढे उभी राहिले, तर सासूबाईंनी टीव्ही लावला.

"अगो, आज कशाला?" आण्णा म्हणाले.

"तेवढा तरी हजर असू दे."

मी ओवसत होते तेवढ्या वेळात प्रेशर कुकरची जाहिरात चालू होती.

*

परवा यांचा फोन आला. साहेब महाडला कार्यक्रमाला येणार, आणि दौऱ्यावर जाणारा शिपाई आजारी म्हणून यांना बरोबर घेतलंय.

"मग घरी?"

"नाही गं. ताफ्याबरोबरच परत."

"महाडपर्यंत येऊन?"

"गाडीतून उतरून कुठे जाता येत नाही."

संध्याकाळी पडवी भरली. जीप ठरली. एसटीचं निवेदन सरपंच देणार हे ठरलं. वाद गुच्छ कोणी द्यायचा यावर अडला.

"मी वयानं मोठा," धोंडूकाका म्हणाले.

"काका, फोटो पेपरात येतो. जरा बरा माणूस पायजे," सरपंच म्हणाले.

"मग तू पण लांबच रहा."

सखूकाकी म्हणाल्या, "बाईमाणसाला देऊ द्या. साहेब जरा थांबतील तरी." सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदर सारखा करू लागल्या.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"गुच्छ मी देते."

सखूकाकींनी कप तोंडापासून लांब धरला. "अगो बाय, बोलली."

सरपंच काळजीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, पण साहेबांसमोर तुम्हाला बोलता येईल काय?"

"साहेबांशी मला काही बोलायचं नाही," मी म्हटलं. "त्यांच्याकडून तो गुच्छ कुणाच्या हातात जातो, ते मला माहीत आहे."