पोंभुर्णा जुनी

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूरच्या आमच्या सरकारी ऑफिसात नवाच कॉम्प्युटर आला होता, अन् मी त्यावरची रोजंदारी टायपिस्ट. पोंभुर्ण्याकडे जंगलातली जमीन कसणाऱ्यांना हक्काचे पट्टे मिळणार होते, त्यांची यादी मी टाइप करत होते. पहिली यादी अर्धवट निघाली, म्हणून अर्ज पुन्हा मागवले अन् पंधरा दिवस खपून नवी केली. नव्या फाइलचं नाव ठेवलं ‘पोंभुर्णा’. जुनीचं, आम्ही बस्त्याच्या चिठ्ठीवर लिहायचो तसंच, मध्ये जागा सोडून, ‘पोंभुर्णा जुनी’.

त्या सकाळी पोंभुर्ण्याहून एक म्हातारी बाई एसटीनं आली. जुन्या यादीत तिचं नाव सुटलं होतं.

"माह्यं नाव हाय ना बाई आता?"

तिला वाचता येत नव्हतं, तरी मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. "आहे. मीच टाकलं." ती निवांत परत गेली.

दुपारी साहेब म्हणाले, जुनी पुसून टाका. पुसायला त्यांनीच लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची छोटी फाइल, होती. फाइलचं नाव द्यायचं, बाकी ती करायची. नावात जागा असली की कॉम्प्युटर तिथं नाव तोडून दोन फाइली समजतो, म्हणून मी ते अवतरणचिन्हांत घालून दिलं. मी बरोबरच दिलं होतं. पण स्क्रिप्टच्या आत साहेबांनी चिन्हं घातलीच नव्हती, म्हणून तिनं एका नावाची दोन केली. ‘पोंभुर्णा’ पुसली, अन् ‘जुनी’ सापडत नाही म्हणून कुरकुरली. माझी नवी यादी गेली, जुनी जशीच्या तशी.

"फाइलच्या नावात कोणी जागा सोडते काय?" साहेब माझ्यावरच उखडले.

तपासून लावलेले अर्ज कपाटात होते. तीन दिवसांत पुन्हा टाइप करून दिली असती. पण यादी संध्याकाळी नागपूरला जायची होती.

"जुनी आहे ना? तीच पाठवा."

वर माझ्याकडून खुलासा लिहून घेतला, चूक माझी म्हणून. रोजी जाईल या भीतीनं मी सही केली. साहेबांपेक्षा त्या सहीचाच मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्टमध्ये ती दोन चिन्हं घातली. मिनिटभरही लागलं नाही.

पट्टे वाटून झाल्यावर ती बाई पुन्हा आली. रडली नाही, भांडली नाही.

"तुमी तं हाय म्हनलं होतं, बाई."

"होतं," मी म्हटलं. या वेळी तिला स्क्रीन दाखवायची माझी हिंमत झाली नाही.