मार्थाबाईंच्या वडिलांची वही

"मॅडम, वही तेवढी दाखवा. एक गानं उतरून घेते आन् जाते."

मार्थाबाई राहुरीकडच्या खेड्यातून आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी वडिलांची वही आमच्या नगरच्या म्युझियमला दिली होती. वडील शाळामास्तर. चर्चमध्ये म्हणायला स्वतः गाणी रचायचे. बायको गेली तेव्हा रचलेलं गाणं फक्त त्या वहीत होतं. आता मार्थाबाईंची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, तिला तेच ऐकायचं होतं. दोघींना पहिलं कडवं पाठ, पुढचं नाही.

मी कॉन्झर्व्हेटर. म्हणजे जुन्या वस्तू खराब होऊ नयेत हे बघणारी. स्टोअरचं कपाट उघडलं आणि कुबट वास आला. आमची इमारत जुनी, दगड-चुन्याची. चुना ओल बाहेर सोडतो. कधीतरी दुरुस्तीत त्यावर सिमेंट मारलं, ओल आत कोंडली आणि भिंतीलगतच्या कपाटात उतरली. हे मला ठाऊक होतं. कपाट हलवा, असं पत्रही मी दिलं होतं. कपाटातल्या वस्तू मात्र मी हलवल्या नव्हत्या.

वहीची पानं चिकटून वीट झाली होती.

म्युझियमचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, "रिस्टोरेशनला पाठवलीय म्हणून सांगा. महिन्याने या म्हणावं."

"सर, त्यांच्या बहिणीकडे महिना नाही."

मी वही ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेली. मार्थाबाईंनी हात लावला नाही.

"घरी पत्र्याच्या पेटीत हुती, मॅडम. चाळीस वर्सं. कायसुदिक झालं न्हाई."

"चूक माझी आहे, बाई," मी म्हणाले.

पातळ पात्याने एकेक पान सोडवत गेले. दोन तासांनी ते गाणं सापडलं. दुसऱ्या कडव्यात 'तुझ्याविना ही चूल' एवढंच वाचता आलं. पुढे नुसता निळा डाग.

"पुढं काय आसंल?" त्यांनी विचारलं. वाचता आलं तेवढं मी कागदावर उतरवून दिलं.

आठवड्याने फोन आला. बहीण गेली होती.

"जेवढं हुतं तेवढं म्हनलं," मार्थाबाई म्हणाल्या. "पुढचं म्हन, पुढचं म्हन, आसं दोनदा म्हनली ती."

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आता कुणी वस्तू घेऊन आलं की पावती नंतर. आधी पानन् पान स्कॅन करायचं आणि त्याची प्रत देणाऱ्याच्या हातात ठेवायची. त्याला अर्धा दिवस लागतो.