पाच होईस्तोर बोट

मोटर थांबली की भाऊ मीटरकडे बघायचे नाहीत. मधलं बोट वाकवून त्याची पाठ मोटरला लावायचे आणि मोठ्याने मोजायचे. "पाच होईस्तोर बोट टिकलं, तं मोटर टिकन."

सिंदीत कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. आसपासच्या शेतांतले जळके पंप तिथे यायचे आणि नवी तार गुंडाळून परत जायचे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि, बायकोच्या शब्दांत, या वयात रिमोटवरची विमानं उडवतो. लागोपाठ दोन मोटरी जळल्यावर तिसरी जळकी घेऊन त्यांच्याकडे गेलो. एवढी चिमुकली मोटर त्यांनी कधी पाहिली नव्हती. तळहातावर घेऊन त्यांनी आधी तिचा वास घेतला.

"मास्तर, पंखा केवढा लावला?"

मी दाखवला.

"अन् रिमोटची दांडी एकदम पुढं ढकलता?"

"हो. विमान उचलायला नको?"

"मंग जळन नाई तं काय! उठतानीच सगळ्यात जास्त करंट ओढते ते. एकदा उठली का मंग तिले जास्त लागत नाई."

हेच मी वर्गात सूत्रासकट शिकवत होतो, आणि रिमोट हातात आला की विसरत होतो. त्या मोटरीला तीस अँपियर सोसत होते, आणि जळण्याआधी माझ्या मीटरने चव्वेचाळीस दाखवले होते. मला ते मीटरच बिघडलेलं वाटलं होतं. हसू नका, तुमच्याही हातून असं काही झालं असेल.

आठ दिवस भिंग डोळ्याला लावून त्यांनी ती मोटर नव्याने गुंडाळली. आतल्या प्रत्येक लोखंडी दातावर तारेचे दोन वेढे वाढवले, पंखा इंचभर लहान करायला लावला. दांडी पूर्ण ढकलली तरी मीटर अठ्ठावीसवर थांबलं. त्यांनी आकडा विचारलासुद्धा नाही.

मग दर रविवारी आम्ही हिंगणीच्या वाटेवरच्या पडीत रानात जायचो. मी उडवायचो, ते स्टुलावर बसून मोटरीचा आवाज ऐकायचे. रिमोटला त्यांनी कधी हात लावला नाही.

पुढे डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं दुखणं सांगितलं. स्टुलावरून उठताना ते आधी वाकायचे, थांबायचे, मग उभे राहायचे. "उठतानीच जोर पडते, मास्तर," म्हणून हसायचे. मला हसू यायचं नाही.

ऑपरेशनला नागपूरला जायच्या आधीचा रविवार. ते म्हणाले, "आज मले द्या. माह्या हातची मोटर, एकडाव माह्या हातानं उठू द्या."

नवखा माणूस पहिल्याच खेपेला विमान आपटतो. तरी दिलं. त्यांनी दांडी इतकी सावकाश सरकवली की विमान धावतच राहिलं. समोर धुरा, म्हणजे शेताचा बांध, आला.

"ढकला, भाऊ!" मी ओरडलो.

"काऊन घाई करता?"

धुरा हातभर राहिला असताना चाकं सुटली. विमान वर गेलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही. खाली मी उतरवलं. त्यांनी बोट लावलं, पाच मोजले, आणि मान हलवली.

नागपूरहून ते परत आले नाहीत.

महिन्याभराने मी एकटा त्या रानात गेलो. दांडी त्यांच्यासारखी सरकवली, विमान उडवलं, उतरवलं. बोट वाकवून मोटरला लावलं आणि मोठ्याने मोजू लागलो. पाच झाले. दहा झाले. तीस झाले. मोटर नुसती कोमट होती. बोट मात्र काढवत नव्हतं.