बाहेर कसं हाय?

टाकीजचे मॅनेजर चाचा माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या पिशवीचा वास घेत. कापडी पिशवी असो, खताच्या पोत्याची शिवलेली असो, नाहीतर सासरी निघालेल्या पोरीची रेक्झिनची बॅग असो, चाचा वाकत, नाक आत घालत आणि मगच मान वर करून विचारत, "कोठचे?" दिग्रसच्या बाजाराला येणाऱ्यांना याची इतकी सवय झाली होती की गेटवर आले की ते आपणहून पिशवीचं तोंड उघडून धरत. एका म्हातारीने तर आधी बोंबील ठेवलेली पिशवी मुद्दाम त्यांच्या नाकाखाली धरली. चाचांना शिंका आल्या, पण म्हणाले, "हा वास चालते, माय. जा आत."

मी तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि लेडीज खिडकीवर तिकिटं फाडत होते. तिकिटं फाडणाऱ्या बाईला एवढा कसला तोरा, असं आज वाटतं; पण केसांत अबोली, गालात सुपारी, आणि जाळीमागे मी अशी बसायची जणू पिक्चर मीच काढलाय. चाचा पिशव्या हुंगतात ते लोकांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा पळवायला, अशी माझी पक्की खात्री होती, आणि ती मी येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना डोळे मिचकावून सांगतही असे. खरं कारण ऑपरेटरने सांगितलं तेव्हा सुपारी चघळायची राहून गेली. मी कामाला लागण्याआधीच्या हंगामात एक माणूस दुपारच्या खेळाला येऊन बसला होता. खेळ सुटला, लोक उठले, तो उठला नाही. पायाशी पिशवी, आणि पिशवीत फवारणीच्या औषधाची बाटली. ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या दिवसापासून चाचांच्या नाकाला दुसरं काम राहिलं नाही.

तसे चाचा मुळातच भित्रे. आभाळ गडगडलं की ते ऑफिसात टेबलाखाली पाय ओढून बसत. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर मला बोलावत, आणि मी वर चढले की खाली डोळे मिटून स्टूल धरून उभे राहत. पण त्यांची सगळ्यात मोठी भीती शांततेची होती. पडद्यावरच्या हिरॉइनला नावं ठेवणारा, खुर्चीत ढेकणं आहेत म्हणून भांडणारा, शिट्ट्या मारून शेजारच्याचे कान किटवणारा माणूस त्यांना फार आवडे. "बोंबलनाऱ्याचं मले काही वाटत नाही, बाई," ते म्हणत. "चुप बसनाऱ्याचं भेव वाटते." हंगामात कापसाच्या गाड्या बाजार समितीसमोर रांगेत उभ्या असायच्या आणि गाडीवाले नंबर येईपर्यंत आमच्याकडे येऊन बसायचे. त्या अंधारात चाचा दाराशी उभे राहून कोण हसतं आणि कोण हसत नाही, हे पाहत. पिक्चर त्यांनी कधी धड पाहिलाच नाही.

दिग्रसमध्ये त्या वर्षांत एका शब्दाला सगळे घाबरत. तो शब्द म्हणजे 'बाहेर'. कापसाचा भाव म्हणे बाहेर ठरतो. कुठे बाहेर, ते कुणी पाहिलं नव्हतं. व्यापारी फोन ठेवून नुसतं म्हणायचा, "बाहेर पडला," आणि इथे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगची चाकं थांबायची. चाचांनी तो शब्द पिक्चरलाही लावला होता, कारण त्यांचा भाचा दुबईत गाड्या दुरुस्त करत असे आणि तिथल्या थिएटरांची खबर फोनवर देत असे. बाहेर चालला तर इथे चालणार, असा चाचांचा हिशोब. सकाळी ऑफिसात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "बाहेर कसं हाय?" मला वाटायचं, हवेबद्दल विचारतात. मी रोज इमानेइतबारे सांगे, "ऊन हाय, चाचा."

मग तो उडणाऱ्या माणसाचा पिक्चर आला. अंगाला घट्ट कपडे, पाठीला पदर, आणि चड्डी पँटच्या वरून. मी पोस्टर पाहून विचारलं, की एवढा जग वाचवायला निघाला, याला घरात कपडे घालून द्यायला कुणी नव्हतं काय? चाचा हसले नाहीत. टाकीजच्या मालकाने एका व्यापाऱ्याला शब्द दिला होता, की हा पिक्चर चालला नाही तर जागा रुईच्या गाठी ठेवायला देऊ. आणि पिक्चर किती दिवस ठेवायचा ते अमरावतीच्या वितरकाच्या हातात. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, ओव्हरसीजला चालला तर रिळांची पेटी तुमच्याकडे राहील, नाहीतर परत पाठवा. एवढं सांगून चाचा म्हणाले, "टाकीज बंद पडलं तर हे गाडीवाले बसतीन कोठी, बाई? झाडाखाली एकटेच बसतीन ना."

मला त्यातलं एवढंच कळलं की सगळं ओव्हरसियरवर आहे. बांधकाम खात्याचे एक ओव्हरसियर साहेब आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. मी पहिल्या दिवशी बाल्कनीतली मधली खुर्ची धुऊन पुसून राखून ठेवली आणि त्यांच्या बायकोला निरोप धाडला, की साहेबांना पिक्चर आवडला पाहिजे, आमचं टाकीज त्यांच्या हातात आहे. साहेब सहकुटुंब आले, फुकट पाहिला, इंटरवलमध्ये भजी खाल्ली आणि जाताना म्हणाले की भिंतीला ओल आली आहे. चाचांनी मला समजावून सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हसण्याचं होतं की कसलं, मी विचारलं नाही.

घरी माझे हे जिनिंगमध्ये फिटर होते. बाहेर भाव पडल्यामुळे जिनिंग बंद झालं होतं आणि हे घरी बसले होते. मोठ्या आवाजाचा माणूस. मशीनच्या धडधडीत बोलायची सवय, त्यामुळे मीठ मागितलं तरी शेजारी ऐकू जाई. ते आता मीठही मागेनात. भाजी अळणी असली तरी तशीच खात. मी मुद्दाम दोनदा बिनमिठाची केली, भांडण व्हावं म्हणून. झालं नाही. मला त्या भाजीचं भय वाटू लागलं, पण मी ते कुणाला बोलले नाही. खिडकीत बसून नेहमीपेक्षा जास्त बडबड करत राहिले.

तो दुपारचा खेळ होता. चाचा आत दाराशी उभे, मी ऑफिसात. फोन वाजला. दुबईचा भाचा होता, घाईत होता. "मामू को बोलना, पिक्चर बाहर गिर गई. हॉल खाली पडे हैं." एवढंच बोलून त्याने ठेवला. मी तशीच आत पळाले. आत काळोख, पडद्यावर इमारती कोसळत होत्या, कान फुटतील एवढा आवाज. चाचांना ऐकू जावं म्हणून मी यांच्यासारख्या जिनिंगच्या गळ्याने ओरडले, "चाचा, बाहेर पडला!"

आता मजा पाहा, म्हणजे आज मजा म्हणते. मी म्हणत होते पिक्चर. हॉलमधल्या गाडीवाल्यांनी ऐकला कापसाचा भाव. चार-सहा जण दुपट्टे झटकत उठले आणि दाराकडे धावले. आणि चाचांनी ऐकलं तेच, जे ऐकायच्या भीतीत ते इतके दिवस जगत होते. माणूस पडला. "बंद कर! बत्ती लाव!" असं ऑपरेटरला ओरडून ते बाहेर धावले. सायकल स्टँड, पानठेला, संडासामागची भिंत, हातपंप, सगळीकडे धावून आले. चप्पल कुठे राहिली त्यांना कळलं नाही. परत आले ते धापा टाकत. "कोन पडला? कोठी पडला?"

"पिक्चर, चाचा," मी म्हटलं. "दुबईत."

ते भिंतीला टेकले. हॉलमध्ये दिवे लागलेले, पडदा पांढरा, आणि लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं होतं. पैसे परत द्या, ऑपरेटर झोपला काय, मॅनेजरला उडवा वरून. चाचा त्या गोंगाटाकडे पाहत राहिले, आणि पाहता पाहता त्यांची मान एका जागी थांबली. सगळं टाकीज बोंबलत होतं आणि मागच्या रांगेत एक माणूस चुप बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. पडदा पांढरा झाला आहे, हेही त्याला कळलेलं दिसत नव्हतं.

ते माझे हे होते. पिशवी माझ्याच हातची, निळ्या पट्ट्यांची, जिनिंगला डबा न्यायची. जिनिंग बंद होतं, डबा नव्हता. चाचा आत दाराशी असले की गेटवर एक पोरगा पिशव्या हुंगे; त्याने ही हुंगली नव्हती, कारण खिडकीवरच्या बाईचा माणूस म्हणून यांना सोडलं होतं. माझी जीभ, जी आयुष्यात कधी चिकटली नव्हती, ती टाळूला चिकटली.

चाचा घाई न करता त्या रांगेत गेले आणि यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ऑपरेटरला हात करून म्हणाले, "लाव." अंधार झाला. मी भिंत धरून धरून मागच्या रांगेपर्यंत गेले आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. चाचा पडद्याकडे पाहतच बोलत होते.

"आतापावतो काय झालं याच्यात? माह्यं ध्यान नव्हतं."

मग यांचा आवाज आला, इतका बारीक की मी ओळखला नाही. "मले नाही माहीत, चाचा. मी पाह्यलाच नाही."

"मंग दोघंबी पाहू. पुढचा खेळ पयल्यापासून पाहू." थोड्या वेळाने चाचा म्हणाले, "पिशवी दे इकडं. हात अवघडले असतीन तुहे."

मी तोपर्यंत देवांची नावं घेत होते, आणि आठवेनात म्हणून त्या उडणाऱ्या चड्डीवाल्याचंही घेतलं. यांनी हात उचलले. पिशवी चाचांच्या मांडीवर गेली. चाचांनी त्या दिवशी तिचा वास घेतला नाही. कशाला घेतील?

दोघांनी तो खेळ संपवला, पुढचा पूर्ण पाहिला. मी खिडकीत बसून बायांना तिकिटाऐवजी सुट्टे आणि सुट्ट्यांऐवजी तिकिटं देत होते. दिवेलागणीला हे घरी आले, हातात रिकामी पिशवी. जेवायला बसले. एक घास खाऊन म्हणाले, "त्याच्या पाठीवर तार दिसते. उडत नाही तो, लटकते." मी म्हटलं, तार कुठली, काहीतरीच. ते म्हणाले, मी फिटर आहे, मला तार कळते. मग आम्ही असे भांडलो की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. तिला काय सांगू, की बाई, मला आज भांडण मिळालं आहे.

दुसऱ्या दिवशी चाचांनी यांना बोलावून गेटवर उभं केलं. म्हणाले, माझं नाक म्हातारं झालं. पिक्चर बाहेर पडला तो पडलाच; वितरकाचा निरोप आला आणि पेटी एसटीच्या टपावर चढून अमरावतीला गेली. पण जोवर होती तोवर हे गेटवर वाकून एकेक पिशवी हुंगत होते. त्या वासाची ओळख त्यांच्याइतकी कुणाला असणार?

टाकीजमध्ये रुईच्या गाठी आल्या. चाचा पुसदला लेकीकडे निघाले तेव्हा मी स्टँडवर भाकरी आणि ठेचा बांधून घेऊन गेले. त्यांनी सवयीने पिशवी नाकाला लावली, आणि मला तोंड फिरवावं लागलं. गाडीत चढता चढता त्यांनी विचारलं, "बाहेर कसं हाय?" या वेळी मला कळलं ते कशाचं विचारत आहेत. मी म्हटलं, "हे बोलून राह्यले, चाचा. लय बोलतात." चाचा खिडकीत बसले. गाडी सुटली तरी माझ्याकडे न पाहता ते पलीकडच्या सीटवर एकट्या बसलेल्या माणसाकडे पाहत होते.

चाचा नाहीत आता. हेही पिकल्या वयात गेले, शेवटपर्यंत मिठावरून भांडत. नातवंडं मोबाईल दाखवून सांगतात, आजी, हा सुपरहिरोचा पिक्चर बघ, जगभर धुमाकूळ घालतो आहे. मी विचारते, बाहेर कसं आहे, आणि ती हसतात. कॉलेजातून आली, कामावरून आली, की दारातच मी त्यांच्या बॅगेत नाक घालते. त्यांना वाटतं, म्हातारी खाऊ शोधते. वाटू देते. एखादं कधी न बोलता आत गेलं, तर मात्र मी त्याच्या मागोमाग जाते, शेजारी बसते आणि विचारते, आतापर्यंत काय झालं रे, माझं लक्ष नव्हतं.